तेरा गुरुवार, सहा घड्याळं: एका ऑनलाइन वर्गाच्या वेळापत्रकाचा प्रकरण अभ्यास

## पार्श्वभूमी

जानेवारी २०२५ मध्ये आमच्या छोट्या संस्थेने तांत्रिक अनुवादाचा ऑनलाइन वर्ग सुरू केला. दर गुरुवारी दीड तास, १६ जानेवारी ते १० एप्रिल, एकूण तेरा सत्रं. शिकवणाऱ्या प्रशिक्षिका लंडनला. वेळापत्रक, निरोपानिरोपी आणि हजेरी माझ्याकडे, आणि मी भारतात. शिकणारे तेवीस जण: भारतात सात, न्यूयॉर्क परिसरात सहा, ब्रिटनमध्ये चार, सिडनीत तीन, काठमांडूत दोन आणि अमेरिकेतल्याच पण ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्समध्ये एक. कोणाची ओळख पटू नये म्हणून माणसांचे तपशील थोडे बदलले आहेत. तारखा आणि वेळा मात्र जशाच्या तशा ठेवल्यात, कारण सगळी गोची त्यांच्यातच आहे.

सहा ठिकाणांना सोयीची एकच वेळ काढायची म्हणजे कुणाची तरी झोप जाणारच. बरीच ओढाताण होऊन लंडनच्या दुपारी १ ची वेळ ठरली. हिवाळ्यात लंडनचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवरच असतं, त्यामुळे हिशोब सोपा वाटला. न्यूयॉर्क पाच तास मागे, तिथे सकाळचे ८. फिनिक्स सात तास मागे, सकाळचे ६. भारत साडेपाच तास पुढे, संध्याकाळचे ६:३०. नेपाळची प्रमाणवेळ ८६ अंश १५ मिनिटं पूर्व रेखांशावर धरलेली आहे. एका अंशाला चार मिनिटं या हिशोबाने ती यूटीसीच्या पावणेसहा तास पुढे येते, म्हणून काठमांडूत ६:४५. आणि सिडनीत जानेवारीत उन्हाळा, घड्याळ अकरा तास पुढे, म्हणजे बरोबर मध्यरात्र. सिडनीच्या तिघांनी ती हसत मान्य केली.

हे सगळं मी एका शीटमध्ये बसवलं. पहिल्या रकान्यात लंडनची वेळ आणि पुढच्या रकान्यांत साधी सूत्रं: अधिक साडेपाच, उणे पाच, अधिक अकरा. रकान्यांना मथळे दिले ईएसटी, आयएसटी, एईएसटी वगैरे. त्याची सुबक पीडीएफ काढून सगळ्यांना धाडली. वर माझ्या कॅलेंडरमधून दर गुरुवारचं इन्व्हाइटही पाठवलं, माझ्या संध्याकाळी ६:३० चं.

म्हणजे एकाच वर्गाची वेळ मी दोन ठिकाणी लिहून ठेवली होती. जानेवारीत दोन्ही तंतोतंत जुळत होत्या, म्हणून त्या दोन आहेत हे माझ्या लक्षातच आलं नाही.

## पहिली ठेच, जी मी मनावर घेतली नाही

पहिल्या सत्राच्या आदल्या दिवशी, बुधवारी संध्याकाळी साडेसहाला सिडनीतून निरोप आला: मी वर्गात येऊन बसले आहे, इथे कोणीच कसं नाही?

पीडीएफमध्ये सिडनीच्या रकान्यात मी लिहिलं होतं, ‘गुरुवार, १२:०० एएम’. वर्ग गुरुवारचा, म्हणून वार गुरुवार, असं डोक्यात बसलेलं. पण लंडनला गुरुवारी दुपारचा १ वाजतो तेव्हा सिडनीत शुक्रवार उजाडत असतो. गुरुवारचे १२:०० एएम म्हणजे बुधवार संपून गुरुवार लागतो तो क्षण. ती बाई मी लिहिल्याबरहुकूम वेळेवर आली होती, फक्त चोवीस तास आधी.

आपण बोलताना ‘गुरुवारी रात्री साडेबारा’ म्हणतो, तेव्हा कॅलेंडरवर शुक्रवार लागलेला असतो आणि समोरच्यालाही ते कळतं. लिहिताना हा समजूतदारपणा उरत नाही. ‘रात्री १२’ हे तर त्याहून वाईट, कारण ते दिवसाचं सुरुवातीचं टोक की शेवटचं, हे वाचणाऱ्याच्या मर्जीवर.

मी माफी मागितली, वार बदलून ‘शुक्रवार’ केला, नवी पीडीएफ पाठवली आणि विषय संपवला. टंकनाची चूक, असं तिचं नाव ठेवलं. खरं तर हा पहिला निर्णयबिंदू होता. शीट मुळातच कच्ची आहे का, हे तपासायला माझ्याकडे तेव्हा आठ आठवडे होते. शीट तारीख बदलत नव्हती, नुसते तास मोजत होती, हे तेव्हाच दिसायला हवं होतं.

## १३ मार्च: काय बिघडलं

पुढची आठ सत्रं सुरळीत पार पडली. नववं १३ मार्चला होतं.

त्या दिवशी पावणेसहाच्या सुमारास मी फोनपासून लांब होतो. ५:५० ला पाहिलं तर गटावर न्यूयॉर्कच्या चार जणांचे निरोप साचलेले. वर्ग का उघडत नाही? लिंक बदलली का? आज सुट्टी आहे का? मी पीडीएफ उघडली. भारत साडेसहा, न्यूयॉर्क आठ, फरक साडेदहा तासांचा. माझ्याकडे ५:५०, म्हणजे त्यांच्याकडे ७:२०. मी आत्मविश्वासाने लिहिलं, ‘अजून चाळीस मिनिटं आहेत. तुमच्याकडे आत्ता ७:२० झालेत ना?’

उत्तरादाखल एकाने आपल्या संगणकाच्या पडद्याचा कोपरा फोटो काढून पाठवला. त्यावर ८:२२ होते.

त्यांच्याच घरातल्या घड्याळात किती वाजलेत यावर मी त्यांच्याशी वाद घालत होतो. तो फोटो पाहून पहिल्यांदा वाटलं, याचा संगणक बिघडलाय. दुसऱ्याने ‘माझ्याकडेही ८:२२’ लिहिल्यावर मग शोध घेतला आणि कळलं की चार दिवसांपूर्वी, रविवारी ९ मार्चला, अमेरिकेतली घड्याळं एक तास पुढे झाली होती. लंडनची व्हायची होती ३० मार्चला.

वर्ग ठरल्याप्रमाणे लंडनच्या १ वाजता सुरू झाला, न्यूयॉर्कच्या ९ वाजता. चौघांपैकी तिघांना कामावर जायचं होतं, ते गेले. एक जण गाडीतून फोनवर ऐकत राहिला. उरलेले दोघे मात्र बरोबर ९ ला हजर झाले, आणि त्या दोघांची कारणं वेगवेगळी निघाली. एकीने पीडीएफ कधी उघडलीच नव्हती, ती कॅलेंडरच्या इन्व्हाइटवर चालायची. दुसऱ्याने माझ्या पीडीएफमधलं ‘८:०० एएम ईएसटी’ जसंच्या तसं एका वेळ बदलून देणाऱ्या साइटवर टाकलं होतं. साइटने त्याला ९ सांगितलं.

साइट बरोबर होती. ईएसटी म्हणजे ईस्टर्न स्टँडर्ड टाइम, यूटीसीच्या पाच तास मागे. मार्चमध्ये घड्याळं पुढे गेली की न्यूयॉर्क ईडीटीवर, म्हणजे ईस्टर्न डेलाइट टाइमवर जातं, चार तास मागे. तेव्हा मार्चमध्ये ‘८ ईएसटी’ असं अक्षरशः वाचलं तर ते न्यूयॉर्कच्या भिंतीवरचे ९ होतात. बोलताना तिथली माणसंही बारा महिने ईएसटीच म्हणतात आणि त्यांना म्हणायचं असतं ‘इथली वेळ’. माझी पीडीएफ शब्दशः वाचणाऱ्यासाठी खरी होती, आणि माणसासारखं वाचणाऱ्यासाठी खोटी.

## मूळ कुठे होतं

त्या रात्री मी शीट आणि कॅलेंडर शेजारीशेजारी ठेवून बसलो.

अमेरिकेत उन्हाळी वेळ, म्हणजे उन्हाळ्यापुरतं घड्याळ एक तास पुढे ठेवण्याची पद्धत, मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू होते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी संपते. हा नियम २००७ पासूनचा, त्याआधी सुरुवात एप्रिलच्या पहिल्या रविवारी व्हायची. युरोपात आणि ब्रिटनमध्ये ती मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होते आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी संपते. त्यामुळे दर वसंतात दोन किंवा तीन आठवडे असे येतात की न्यूयॉर्क आणि लंडन यांच्यातलं अंतर पाचाऐवजी चार तासांचं असतं. शरदात असा एकच आठवडा. २०२५ च्या वसंतात तीन आठवडे होते, म्हणजे आमचे तीन गुरुवार: १३, २० आणि २७ मार्च.

सिडनी दक्षिण गोलार्धात, तिचं उलटं. तिथे एप्रिलच्या पहिल्या रविवारी घड्याळ मागे येतं, २०२५ मध्ये ६ एप्रिलला. फिनिक्सचं घड्याळ हलतच नाही, कारण नवाहो लोकांचा स्वायत्त प्रदेश सोडला तर ॲरिझोना उन्हाळी वेळ पाळत नाही. भारत आणि नेपाळही स्थिर. आणि माझ्या मथळ्यातलं ‘एईएसटी’ तर पहिल्या दिवसापासून चूक होतं. ती तिथली हिवाळ्यातली प्रमाणवेळ, सिडनी उन्हाळ्यात एईडीटीवर, म्हणजे उन्हाळी वेळेवर असतं. कोणी बोललं नाही, कारण आपल्या गावचं घड्याळ सगळ्यांना ठाऊक असतं, मथळा कोण वाचतो?

आद्याक्षरांचा हा घोळ माझ्यापुरता नाही. आयएसटी म्हणजे आपल्याला भारताची वेळ, इस्रायलमधल्याला त्याची, आणि आयर्लंडमधल्याला त्याची उन्हाळी वेळ. सीएसटी अमेरिकेच्या मध्य भागाची, तशीच चीनची आणि क्यूबाचीही. म्हणून संगणकं आतून ही अक्षरं वापरायचं टाळतात. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी सुरू केलेला आणि आता आयएएनए ही इंटरनेटवरची नावं आणि क्रमांक सांभाळणारी संस्था सांभाळत असलेला टीझेड डेटाबेस, म्हणजे जगभरच्या घड्याळांच्या नियमांचा संग्रह, ठिकाणाच्या नावावर चालतो: ‘आशिया/कोलकाता’, ‘युरोप/लंडन’, ‘अमेरिका/न्यूयॉर्क’. शहराच्या नावामागे त्या जागेच्या घड्याळाचा आजवरचा इतिहास आणि पुढचे ठरलेले नियम असतात. ‘उणे पाच’मागे काहीच नसतं, तो नुसता आकडा.

हे वाचताना दुसरी गोष्ट ध्यानात आली आणि पोटात गोळा आला. १३ मार्चचा गोंधळ होऊन गेला होता, पण खरा सुरुंग ३ एप्रिलला पेरलेला होता.

इन्व्हाइट मी भारतातून केलं होतं, तेव्हा कॅलेंडरने त्याला आपसूक ‘आशिया/कोलकाता’ जोडलं. म्हणजे वर्ग कायम भारताच्या साडेसहाला. ३० मार्चला लंडनचं घड्याळ पुढे गेल्यावर तेच इन्व्हाइट लंडनमध्ये दुपारचे २ दाखवणार. प्रशिक्षिका इन्व्हाइट बघायच्या नाहीत. त्यांच्या डायरीत ‘गुरुवार १’ एवढंच लिहिलेलं. त्या १ वाजता येणार, तेव्हा भारतात साडेपाच वाजलेले असणार, आणि भारतातले सात जण तासभराने उगवणार. पीडीएफ तर लंडन १ आणि भारत साडेसहा दोन्ही एकाच ओळीत छातीठोकपणे सांगत होती, आणि ३ एप्रिलला ते दोन्ही एकदम खरं असणं शक्यच नव्हतं.

वर्ग कोणाच्या घड्याळाने चालतो, हा प्रश्न मी तीन महिन्यांत एकदाही विचारला नव्हता. शीटने तो लंडनच्या बाजूने सोडवला होता, कॅलेंडरने भारताच्या. न्यूयॉर्कच्या चौघांनी तो त्यांच्या आठ वाजण्याच्या बाजूने सोडवला, आणि माझा कागद हातात असताना त्यांचं काय चुकलं?

## समोरचे पर्याय

शुक्रवारी सकाळी मी चार पर्याय मांडले. प्रत्येकात एकाचं घड्याळ स्थिर आणि बाकीच्यांची फरफट.

भारताचं घड्याळ धरलं तर इन्व्हाइट तसंच राहत होतं, काहीच नव्याने पाठवायला नको. भारत, काठमांडू, फिनिक्स मिळून दहा जणांना शेवटपर्यंत काहीच बदललं नसतं. पण न्यूयॉर्कला उरलेली चारही सत्रं ९ वाजता आली असती, आणि लंडनला ३ एप्रिलपासून दुपारी २ ते साडेतीन. प्रशिक्षिकांचं दुसरं काम ३ ला सुरू व्हायचं. बाद.

लंडनचं घड्याळ धरलं तर त्यांची वेळ कायम. न्यूयॉर्कला २० आणि २७ मार्च ९ वाजता, मग ३ एप्रिलपासून पुन्हा ८. भारताला शेवटची दोन सत्रं एक तास अलीकडे, साडेपाचला. फिनिक्सला पहाटे ५.

न्यूयॉर्कचं घड्याळ धरलं तर तिथल्या सहा जणांना कायम ८. लंडनला दोनच गुरुवार दुपारी १२, त्यानंतर आपोआप १. भारताला पुढच्याच आठवड्यापासून साडेपाच, आणि मग शेवटपर्यंत तेच. सिडनीला मध्यरात्रीऐवजी रात्री ११, शेवटच्या सत्राला १०. फिनिक्सच्या एकीला मात्र चार वेळा पहाटे ५.

चौथा पर्याय म्हणजे हे दोन गुरुवार सुट्टी देऊन ३ एप्रिलला पुढे सुरू करायचं. पण मग वर्ग २४ एप्रिलपर्यंत लांबला असता आणि प्रशिक्षिका त्या दिवसांत मोकळ्या नव्हत्या.

मी दुसरा निवडला, लंडन. स्वतःला कारण असं सांगितलं की शिकवणाऱ्याची वेळ हलवू नये. खरं कारण असं की एकदा तोंडावर आपटल्यावर आणखी एक वेगळी वेळ जाहीर करायची माझी छाती होत नव्हती. लंडन धरल्याने निदान ‘गुरुवार १’ हे एक वाक्य खरं राहत होतं.

## काय केलं

सगळ्यात आधी पीडीएफ मागे घेतली. ‘सुधारित’ म्हणून दुसरी पाठवली नाही, कारण आधीच दोन फिरत होत्या आणि कोणाकडे कोणती आहे ते देव जाणे. सगळ्यांना कळवलं की ती फाइल काढून टाका, यापुढे वेळ फक्त कॅलेंडरमध्ये.

मग जुनं इन्व्हाइट रद्द करून नवं केलं आणि त्याचा टाइम झोन हाताने ‘लंडन’ निवडला. बहुतेक कॅलेंडरांत ही सोय वेळेच्या शेजारीच असते, मी तिच्याकडे कधी पाहिलंही नव्हतं. नवं इन्व्हाइट भारतात २७ मार्चपर्यंत साडेसहा आणि ३ एप्रिलपासून साडेपाच दाखवू लागलं.

संगणक क्षेत्रातल्या एका मित्राचं म्हणणं पडलं की हे सगळं कशाला, सरळ यूटीसीत जाहीर कर आणि ज्याने त्याने आपापलं काढावं. त्याला कारण होतं. जे होऊन गेलंय, म्हणजे हजेरीची नोंद किंवा गृहपाठ कधी आला, त्यासाठी यूटीसीसारखं दुसरं काही नाही. तो क्षण घडून गेला, आता कोणतं सरकार तो बदलणार? पण पुढच्या गोष्टीचं तसं नाही. ‘लंडनला दुपारी १’ हा माणसांशी केलेला वायदा आहे, आणि लंडनचे नियम बदलले तर वायदा लंडनच्या घड्याळाबरोबर सरकायला हवा. नियम बदलतात, आणि कधीकधी पुरेशी सूचनाही न देता. मार्च २०२३ मध्ये लेबनॉन सरकारने उन्हाळी वेळ पुढे ढकलल्याचं अगदी ऐनवेळी जाहीर केलं, काही संस्थांनी ते मानलं नाही, आणि निर्णय फिरवेपर्यंत काही दिवस देशात दोन वेळा चालल्या. युरोपीय संसदेने २०१९ मध्ये घड्याळं पुढे-मागे करणं बंद करण्याच्या बाजूने मत दिलं, पण ते अजून अमलात आलेलं नाही. ज्याने आपल्या पुढच्या सभा यूटीसीत गोठवून ठेवल्या आहेत, त्याला अशा प्रत्येक बदलाला सगळं उकरून काढावं लागणार. म्हणून मी भविष्यासाठी वेळ आणि ठिकाण ठेवलं, आणि निरोपात पडताळणीपुरती यूटीसीची एक ओळ.

निरोपही वेगळे केले. एका तक्त्यात सहा शहरं दिली की माणूस चुकीच्या ओळीवर बोट ठेवतो. प्रत्येक ठिकाणच्या लोकांना फक्त त्यांची वेळ, वारासकट, तारखेसकट. शेवटची तीन सत्रं अशी गेली:

न्यूयॉर्क: २७ मार्च सकाळी ९, ३ एप्रिल सकाळी ८, १० एप्रिल सकाळी ८
फिनिक्स: सकाळी ६, मग पहाटे ५, पहाटे ५
भारत: संध्याकाळी ६:३०, मग ५:३०, ५:३०
काठमांडू: संध्याकाळी ६:४५, मग ५:४५, ५:४५
सिडनी: शुक्रवार २८ मार्च ००:००, गुरुवार ३ एप्रिल रात्री ११, गुरुवार १० एप्रिल रात्री १०

सिडनीचा उतार बघण्यासारखा आहे. आधी लंडन पुढे सरकलं, मग सिडनी मागे आलं, आणि आठवड्याभरात दोन तासांचा फरक पडला. हिशोब करताना मी आता थेट एका शहरातून दुसऱ्यात उडी मारत नाही. ३ एप्रिलला लंडन यूटीसीच्या एक तास पुढे, तेव्हा दुपारचा १ म्हणजे यूटीसी १२:००. सिडनी त्या दिवशी अजून अकरा तास पुढे, म्हणजे २३:००, वार तोच. दोन पायऱ्या, आणि दोन्हींना ‘त्या तारखेला’ हे शब्द जोडलेले.

शेवटी एक छोटं काम सांगितलं: पुढच्या गुरुवारी तुमच्या कॅलेंडरवर वर्ग किती वाजता दिसतो, तेवढा आकडा लिहून पाठवा. एकोणीस उत्तरं आली, त्यांतली दोन जुळेनात. ब्रिटनमधल्या एकाचं कॅलेंडर मागच्या प्रवासापासून पॅरिसवरच राहिलं होतं. काठमांडूतल्या एकाच्या कॅलेंडरमध्ये भारताची वेळ निवडलेली होती, फोनच्या घड्याळात नेपाळची. तो बिचारा जानेवारीपासून दर गुरुवारी पंधरा मिनिटं आधी येऊन बसत होता आणि आम्ही त्याला वक्तशीर समजत होतो.

## अंतिम गृहपाठाची तारीख

या सगळ्यात एक संकट टळलं, तेही माझ्या हुशारीने नाही. अंतिम गृहपाठ ‘६ एप्रिल, रात्री १२ पर्यंत’ द्यायचा असं जानेवारीतच जाहीर झालं होतं. २ एप्रिलला सिडनीच्या त्याच बाईने, जी पहिल्या दिवशी चोवीस तास आधी आली होती, विचारलं: कोणाचे रात्रीचे १२, आणि ६ तारीख सुरू होतानाचे की संपतानाचे?

फॉर्म तपासला तर तो ६ एप्रिलला लंडनच्या ००:०० ला बंद होणार होता, म्हणजे ५ तारीख संपताक्षणी. बहुतेकांच्या मनात पूर्ण रविवार हातात होता.

आंतरराष्ट्रीय परिषदांना निबंध मागवताना एक पद्धत वापरतात, ‘पृथ्वीवर कुठेही’. यूटीसीच्या बारा तास मागे असलेल्या पट्ट्यात ती तारीख संपेपर्यंत मुदत चालू. म्हणजे जगात कुठेही अजून ६ तारीख असेल तर तुमचा गृहपाठ वेळेत आहे. आम्ही तेच केलं. फॉर्म ७ एप्रिलला यूटीसी ११:५९ पर्यंत उघडा ठेवला आणि जोडीला प्रत्येकाची स्थानिक वेळ दिली: न्यूयॉर्क सकाळी ७:५९, लंडन दुपारी १२:५९, भारत संध्याकाळी ५:२९, सिडनी रात्री ९:५९. ‘रात्री १२’ हे शब्द पूर्ण टाळले. एकही गृहपाठ उशिरा आला नाही.

## परिणाम

२० मार्चला न्यूयॉर्कच्या सहापैकी दोघे थेट वर्गात आले, २७ ला तिघे. बाकीच्यांनी ध्वनिचित्रफीत पाहिली. १३ तारखेला निघून गेलेल्या तिघांपैकी एक पुन्हा आलाच नाही. त्याला दोनदा लिहिलं, उत्तर आलं नाही.

३ एप्रिलला भारतातले सहा जण साडेपाचला हजर होते. सातवा साडेसहाला उगवला. त्याच्या कॅलेंडरवर साडेपाच स्पष्ट दिसत होतं, पण त्याने जानेवारीत फोनवर दर गुरुवारी सहा-वीसचा गजर लावून ठेवला होता आणि तो गजरावर चालायचा. वेळ तिसऱ्याही ठिकाणी लिहिलेली असू शकते, हे मी धरलं नव्हतं.

फिनिक्सची विद्यार्थिनी ३ एप्रिलला पहाटे ५ ला आली, शेवटच्या सत्राला नाही. तिने लिहिलं होतं की तिचं घड्याळ तर वर्षभर एका जागी असतं, आणि झोप मात्र तिचीच गेली.

## पुन्हा करायचं झालं तर

शीटमध्ये हाताने ‘अधिक साडेपाच’ लिहिणार नाही, हे तर आलंच. पण तो तपशील आहे. मला टोचतं ते १४ मार्चच्या सकाळचं.

वर्ग संपल्यावर प्रशिक्षिकांशी सहज बोलणं चाललं होतं. मी म्हटलं, न्यूयॉर्कची वेळ धरली असती तर तुम्हाला दोन गुरुवार दुपारी १२ ला यावं लागलं असतं. त्या म्हणाल्या, ‘मग काय झालं? बारा वाजता मी मोकळीच असते.’ मी त्यांना विचारलंच नव्हतं. २ वाजता जमणार नाही हे मला माहीत होतं, त्यावरून १२ लाही जमणार नाही असं मी धरून चाललो. न्यूयॉर्कच्या तीन-चार जणांची दोन सत्रं त्यात गेली, त्यांतला एक माणूस कायमचा. भारतातल्यांना साडेपाचची सवय दोन आठवडे आधी लागली असती, सिडनीला मध्यरात्र दोनदा कमी पडली असती. फिनिक्सचा तोटा वाढला असता, दोनाऐवजी चार पहाटा. तरीही आज मी तिसरा पर्याय घेईन, आणि फिनिक्सच्या बाईंना आधी फोन करीन.

घड्याळ कोणाचं, हे पहिल्याच पत्रात एका वाक्यात लिहायला हवं होतं. नंतरच्या वर्गासाठी ते लिहिलं: ‘हा वर्ग लंडनच्या घड्याळाने दुपारी १ ला असतो. तुमच्याकडची वेळ अधूनमधून बदलेल, आणि ती या तारखांना बदलेल.’ पुढे प्रत्येकासाठी फक्त त्याच्या तारखा.

तो वर्ग ४ सप्टेंबर २०२५ ला सुरू झाला. वेळापत्रक लावताना मी आधी तीन रविवार लाल केले: ५ ऑक्टोबर, सिडनी पुढे, २६ ऑक्टोबर, लंडन मागे, २ नोव्हेंबर, न्यूयॉर्क मागे. शेवटच्या दोघांच्या मध्ये एकच गुरुवार येत होता, ३० ऑक्टोबर, जेव्हा न्यूयॉर्कला ८ ऐवजी ९ झाले असते. मार्चमध्ये बाद केलेला चौथा पर्याय या वेळी परवडत होता. त्या गुरुवारी सुट्टी दिली.